लांछन मिरवणारी माणसं

एक वेल्डर माझ्या टेबलासमोर येऊन बसला. हातात ड्रॉइंगच्या वहीचं एक पान. पानावर ढालीचा आकार, काळाभोर रंगवलेला, आणि त्यावर गडद लाल ड्रॅगन. खवला न् खवला वेगळा काढलेला. सहा महिने रात्री जागून काढलाय, म्हणाला. चित्र खरोखर देखणं होतं आणि मी तसं सांगितलंही. मग म्हटलं, चल माझ्याबरोबर. तंबूच्या खांबाला ते पान टाचलं आणि आम्ही दोघं माळावरून चालायला लागलो. वीस पावलांवर मागं वळून पाहिलं तर ड्रॅगनची नखं गेली होती. चाळीस पावलांवर पंख गेले. साठाव्या पावलाला खांबावर नुसतं एक काळं फडकं लटकत होतं.

तो बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "ड्रॅगन सोनेरी केला तर?"

हा माळ पश्चिम पेनसिल्वेनियातल्या स्लिपरी रॉक गावाजवळचा. उन्हाळ्यात तिथं ‘पेन्सिक’ नावाची लढाई भरते. लढाई म्हणायचं, पण आहे ती जत्राच. १९७२ साली सुरू झाली, आता दहा हजारांच्या आसपास माणसं येतात आणि तंबू ठोकून दोन आठवडे राहतात. चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढतात, चुलीवर मध्ययुगातलं जेवण रांधतात, हातमागावर पट्ट्या विणतात, चामडं शिवतात. या मंडळींच्या संस्थेचं नाव सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम. १ मे १९६६ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात तिची पहिली मेजवानी झाली. आज अमेरिका, कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया मिळून तिची वीस ‘राज्यं’ आहेत, राजाराण्यांसकट. सामील होणारा प्रत्येक जण १६०० सालाच्या आधीच्या जगातलं एक नाव घेतो आणि हवं असेल तर एक कुलचिन्हही घेतो. ती दोन्ही नोंदवायची तर तपासून घ्यावी लागतात. तपासणारे ते हेरल्ड. आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द चोपदार, पण चोपदारानं दरबारात ललकारी द्यावी आणि दुपारी दप्तरात बसून वंशावळी तपासाव्यात असं दुहेरी काम आहे हे. मी ते बारा-तेरा वर्षं करते आहे, विनावेतन, आणि माझ्या नोकरीइतक्याच काळजीनं.

यात मी आले ती माझ्या नावामुळे. या देशात आले तेव्हा एका कार्यालयात माझ्या नावाचे तुकडे उलटसुलट जोडले गेले आणि जवळजवळ तीन वर्षं मी कागदोपत्री वडिलांच्या नावानं वावरले. दवाखान्यात "अमुक कोण?" म्हणून वडिलांच्या नावानं हाक यायची आणि मी उठायची. ज्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, त्यांच्या नावाला ओ देत आत जायचं! अशातच ओहायोतल्या शेजारणीनं एकदा बागेत चाललेली या लोकांची लढाई बघायला नेलं. तिथं एका म्हाताऱ्या हेरल्डनं मला नाव विचारलं. सांगितलं. "पुन्हा म्हणा," म्हणाला. पुन्हा म्हटलं. "आणखी एकदा, सावकाश." खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्यावर त्याच्या पद्धतीनं अक्षरं फोडून लिहिली, ओठांतल्या ओठांत चार वेळा घोकली, आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात मी पाहुणी म्हणून आल्याचं जाहीर केलं. नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. परदेशात माझं नाव इतक्या मोठ्यानं आणि इतकं नीट कुणी घेतलं नव्हतं. तो पुठ्ठा मी मागून घेतला.

वेल्डरच्या ड्रॅगनचा नियम साधा आहे. कुलचिन्हात दोन ‘धातू’ असतात, सोनं म्हणजे पिवळा आणि चांदी म्हणजे पांढरा. आणि पाच ‘रंग’: लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. युरोपात बाराव्या शतकात ढालींवर अशी ठरावीक कुलचिन्हं रंगवायला सुरुवात झाली. पुढं पुढं शिरस्त्राणानं सगळा चेहरा झाकला जाई, आणि धुळीत, घोड्यावरून, लांबून माणूस ओळखायला त्याची ढाल तेवढी उरे. टॅक्सीच्या पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात ते याच कारणानं. नियम मोडणारी थोर उदाहरणंही आहेत. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं चिन्ह चांदीवर सोन्याचे क्रूस असं होतं. पण साठ पावलांवरून स्वतःचाच ड्रॅगन नाहीसा झालेला एकदा पाहिला की वाद घालायला कुणी थांबत नाही.

रंगांच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली आहे. एका बाईंच्या अर्जावर मी ‘ढाल निळी म्हटली आहे, चित्रात जांभळी दिसते, परत पाठवावी’ असा शेरा दिला. शेरा ग्राह्य धरला गेला, अर्ज परत गेला. नंतर त्यांचा मूळ कागद माझ्या हातात आला तर तो निखळ निळा होता, स्कॅन करताना जांभळा झालेला. त्यांनी पहिल्या लढाईसाठी निशाण आधीच शिवून ठेवलं होतं, ते घडी घालून पेटीत राहिलं. मी पत्र लिहून क्षमा मागितली. तेव्हापासून मी सगळ्यांना हातानं, क्रेयोलाच्या साध्या मार्करनं रंगवायला सांगते. तो निळा कुठल्याही यंत्रातून निळाच बाहेर येतो.

नावांचं काम याहून नाजूक. अर्ज आधी गावपातळीवर, मग राज्याच्या हेरल्डकडे, आणि तिथून सगळ्या राज्यांतल्या हेरल्डांसमोर जातो. जो तो आपल्याजवळचे दाखले काढतो. शेवटचा निकाल वरच्या तिघांकडून येतो. त्यांच्या पदांची नावं लॉरेल, पेलिकन आणि रीथ. पेलिकन नावं बघतो, रीथ चित्रं. नावात निदान दोन पदं हवीत. १६०० सालापर्यंतचा पुरावा हवा, फार तर १६५०पर्यंतचा चालवून घेतात. राजेपणाचा किंवा सरदारकीचा दावा करणारं पद नको. दोन भाषांची पदं एकत्र आणायची तर त्या लोकांचा एकमेकांशी संबंध हवा आणि दोन्ही पदांच्या काळात तीनशे वर्षांहून जास्त अंतर नको. ऐकायला हे सगळं कोरडं वाटतं. पण समोर माणूस बसलेला असतो, आणि त्यानं ते नाव मनात धरलेलं असतं.

एका मुलीचं जन्मनाव टिफनी होतं. तिला तेच ठेवायचं होतं आणि जो भेटेल तो तिला हसत होता की हे कसलं जुनं, हे तर मॉलमधलं नाव. नियमानं स्वतःच्या जन्मनावातलं एक पद घ्यायची सवलत असते, तिचं काम तेवढ्यावर भागलं असतं. तिला सवलत नको होती. म्हणाली, "खरंच कुणी होतं का या नावाची?" होत्या, कितीतरी होत्या. ग्रीक थिओफानिया म्हणजे देवाचं प्रकट होणं. ६ जानेवारीच्या सणाला जन्मलेल्या मुलींना ते नाव ठेवत. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं टिफेन झालं आणि तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या कागदपत्रांत टिफनीसारखी रूपं दिसायला लागली. त्याच कुळातलं नाव घेऊन कॉन्स्टँटिनोपलची थिओफानू ९७२ साली रोमला आली आणि दुसऱ्या ऑटो सम्राटाची राणी झाली. हे सांगत असताना ती मुलगी खुर्चीत हळूहळू ताठ होत गेली.

उलटंही होतं. व्हेनेसा हे नाव पुष्कळांना जुनं, परीकथेतलं वाटतं. ते अठराव्या शतकात जोनाथन स्विफ्टनं आपल्या मैत्रिणीसाठी, एस्थर व्हॅनहॉम्रीसाठी, जुळवलं: आडनावातला ‘व्हॅन’ आणि एस्थरचं लाडकं ‘एसा’. त्याच्या आधी या नावानं कुणी हाक मारली नाही आणि कुणी ओ दिली नाही. मी नाही म्हणते तेव्हा एवढंच म्हणते. नाव वाईट आहे असं नव्हे. ज्या काळात तुला राहायचंय त्या काळात ते नाव लावून कुणी जगलेलं नाही, म्हणून दुसरं शोधू. नुसता नकार देऊन अर्ज परत करणारे हेरल्डही मी पाहिलेत. मला ते मनापासून खटकतं. नकार लिहायला दोन मिनिटं लागतात, त्याच नावाचं खरं रूप शोधायला चार संध्याकाळी जातात, आणि काम तर ते चार संध्याकाळींचंच आहे.

अर्थात त्या काळच्या लोकांनाही नावांची टंचाईच होती. चौदाव्या शतकातली इंग्लंडची कुठलीही करांची यादी काढा, जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस यांचीच दाटी. म्हणून गिरणीजवळचा जॉन, तांबड्या केसांचा जॉन, विल्यमचा जॉन. आमच्या आजोळी ओढ्याकडचा बाळू आणि वाड्यावरचा बाळू होते, तसंच.

चित्रांत तर एका ढालीवरून दुसरी ओळखू येणं हाच सगळा जीव. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या छावणीत सर रिचर्ड स्क्रोप यांना दिसलं की आपली ढाल, निळ्यावर तिरपा सोनेरी पट्टा, दुसराच एक जण घेऊन हिंडतोय. तो चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर. दोघंही म्हणाले, आमच्या घरात ही पिढ्यान् पिढ्या आहे. दावा उभा राहिला आणि शेकडो साक्षी झाल्या. राजाचे काका आले, वेल्समधून ओवेन ग्लिंडूर आला, आणि १३८६च्या ऑक्टोबरात कवी जेफ्री चॉसर आला. त्याची साक्ष मी कितीदा वाचली असेल! वय चाळीस आणि वर, असं त्यानं सांगितलं. फ्रान्समधल्या मोहिमेत स्क्रोपना हे चिन्ह लावलेलं पाहिलंय, म्हणाला. मग सांगतो की एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका घराबाहेर ही ढाल टांगलेली दिसली, म्हणून विचारलं, स्क्रोपांनी इथं कुठली खाणावळ घेतली? तर कुणीतरी म्हणालं, ही स्क्रोपांची नव्हे, चेशरच्या ग्रोव्हनर नावाच्या सरदाराची. त्या दिवसापर्यंत ग्रोव्हनर हे नाव आपण ऐकलंच नव्हतं, अशी साक्ष. रस्त्यातून जाणाऱ्या माणसाचा गोंधळ उडाला, हाच पुरावा.

निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला. ग्रोव्हनरला सांगण्यात आलं की हीच ढाल ठेव, फक्त भोवती पांढरा काठ घाल. पण १३९० साली राजानं तेही मोडीत काढलं. त्याचं म्हणणं असं की काठ घालून वेगळेपण दाखवतात ते नात्यातले लोक, परक्यानं तसं करायचं नसतं. शेवटी ग्रोव्हनरनं पट्टा सोडला आणि निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पुढं पाच शतकं त्या घराण्यानं ही गोष्ट मनात ठेवली असावी. १८८० साली ग्रोव्हनरांच्या वंशजाच्या, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या, घोड्यानं डर्बी जिंकली, त्या घोड्याचं नाव होतं बेंड ऑर. म्हणजे तिरपा सोनेरी पट्टा.

आमचा आजचा नियम याच समजुतीवर उभा आहे. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, पुतण्या हे बापाच्या ढालीत एक फरक करून आपली ढाल काढत. म्हणून तुझ्या आणि दुसऱ्याच्या ढालीत एकच फरक असेल तर तू नकळत म्हणतोयस की आपण एका घरातले. दोन फरक हवेत. एक कमी पडला तर दुसरा मार्गही आहे: ज्याची ढाल आधी नोंदलेली आहे त्याला पत्र लिहायचं आणि त्याची लेखी संमती आणायची. अशी पत्रं मी बरीच लिहून दिली आहेत. ओळखदेख नसलेल्या दोन माणसांत, एक टेक्ससमध्ये आणि एक स्वीडनमध्ये, ‘तुमच्यासारखी ढाल घेऊ का’ असं विचारलं जातं आणि ‘घ्या, आनंदानं घ्या’ असं सहीनिशी उत्तर येतं.

आपल्याकडे हे सगळं नव्हतं का? ढालीवरचं चित्र या अर्थानं नव्हतं. १८७७च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटननं संस्थानिकांना रेशमी निशाणं वाटली. त्यांच्यावरची कुलचिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्यानं युरोपीय वळणानं काढलेली होती. ती बघताना मला नेहमी परक्याचं माप घेऊन शिवलेला अंगरखा आठवतो. आपली ओळख मुद्रेत होती आणि मुद्रेत अक्षरं असत. ती देवकात होती: मोऱ्यांचं मोरपीस, कुणाचा कळंब, कुणाची पंचपालवी, आणि देवक एक असेल तर सोयरीक नाही. ढालीतल्या एका फरकानं नातं सांगावं तसंच हेही नातंच सांगणं.

आणि ती होती लांछनात. हा शब्द आपण किती खाली आणून ठेवलाय! कुळाला लांछन लावलंस, म्हणतो. मूळचा अर्थ नुसता खूण. चालुक्यांच्या राजमुद्रेवर वराह, म्हणून ते वराहलांछन. वेरूळच्या जैन लेण्यांत शाळेत असताना वडिलांनी मला हे दाखवलं होतं. तीर्थंकरांचे चेहरे सारखे, बसणं सारखं, मिटल्यासारखे डोळे सारखे. मग कोण कुठला हे कसं कळायचं? वडील म्हणाले, खाली बघ, लांछन बघ. बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. आणि पार्श्वनाथांचा नाग तर डोक्यावर फणा धरूनच उभा असतो. झाकलेल्या चेहऱ्याचा सरदार असो की राग-लोभ पुसून टाकलेल्या चेहऱ्याचा तीर्थंकर, खुणेवाचून ओळख नाही. आज अर्ज तपासताना मी मनात ‘लांछन’ हाच शब्द वापरते, जुन्या अर्थानं.

दोनेक वर्षांपूर्वी क्लीव्हलँडची एक कॉलेजकन्यका माझा पत्ता काढत आली. मराठी समजते, अडखळत बोलते. "मावशी, मला मराठी नाव हवंय. इकडच्या सगळ्या मुली फ्रेंच नाहीतर आयरिश घेतात." घराणं मूळचं पैठणकडचं. मी कपाटातून लीळाचरित्र काढलं. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लिहिल्या. राजेरजवाड्यांच्या गोष्टी नव्हेत, तर वाटेत भेटलेली, भिक्षेला गेलेली, रुसलेली, आजारी पडलेली माणसं, आपापल्या नावानिशी. महदाइसा, बाइसा, आबाइसा, एल्हाइसा, नागदेव, जानोपाध्ये, इंद्रभट. तिचं बोट एका नावावर थांबलं. उमाइसा. "माझ्या आजीचं नाव उमा आहे," म्हणाली.

ते नाव नोंदवणं सोपं गेलं नाही. हेरल्डांना ठाऊक असलेल्या ठरावीक पुस्तकांतला दाखला असेल तर नुसता उल्लेख पुरतो. आपल्या पुस्तकाचं मात्र पानच्या पान प्रत काढून जोडायचं, त्याचा अर्थ द्यायचा, लिप्यंतर कुठल्या पद्धतीनं केलं ते सांगायचं, उपलब्ध पोथ्या नंतरच्या नकला आहेत हेही प्रामाणिकपणे लिहायचं. मग गावावरून माणूस ओळखत असल्याचे दाखले, म्हणजे दुसरं पद. सगळ्यात अवघड प्रश्न एका सज्जन आणि कसून वाचणाऱ्या हेरल्डनं विचारला: शेवटचं ‘इसा’ हे मानाचं पद दिसतं, मग हा दर्जाचा दावा नव्हे का? मी उत्तराची तीन पानं लिहिली. लिहिलं की आमच्याकडे भाजी विकायला आलेल्या बाईंनाही बाईच म्हणतात. ताई, माई, अक्का, आई हे हुद्दे नाहीत, ती हाक मारायची रीत आहे, आणि उमाइसा ही हाक आहे. माझ्या आईला सगळी गल्ली माई म्हणायची, ती कुठल्या परगण्याची मालकीण नव्हती. उत्तर पाठवल्यावर दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. मंजुरीच्या यादीत नाव आलं तेव्हा मी मराठीतच ओरडले.

चिन्हासाठी तिला पैठणीच्या पदरावरचा मोर हवा होता. पिसारा फुलवलेला मोर युरोपीय चिन्हांतही जुना, त्यामुळे तिथं अडचण नव्हती. हिरव्यावर सोनेरी मोर, असं ठरलं. मी तपासायला घेतलं तर निळ्यावर सोनेरी मोर कुणाच्या तरी नावावर आधीच नोंदलेला. ढालीचा रंग वेगळा, म्हणजे एक फरक. दुसरा हवा. मोराच्या जागी मोरपीस घ्यावं का, दोन मोर करावेत का, असं माझं चाललं होतं. ती मान तिरकी करून कागदाकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, याला काठच नाहीये. काठाशिवाय पैठणी कशी?" तिनं पिवळा मार्कर उचलला आणि ढालीच्या कडेनं सोनेरी काठ ओढला. झाले दोन फरक.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच माळावर तिचं नाव राजाराणीसमोर पहिल्यांदा पुकारलं जायचं होतं. त्या संध्याकाळचा हेरल्ड पंचविशीतला मुलगा, आवाज दणदणीत. मी त्याला मंडपामागं गाठलं आणि पुठ्ठ्यावर अक्षरं फोडून दिली. तो आधी ‘युमायसा’ म्हणाला. मग ‘उमेसा’. मी म्हटलं, ‘माइ’वर थांब, आईला हाक मारतोस तसं. त्यानं डोळे मिटून पाच-सहा वेळा म्हटलं. मंडपात दोनशेएक माणसं गवतावर बसली होती, मशाली नुकत्याच पेटल्या होत्या. ती मागच्या रांगेत कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, पाठ आमच्याकडे. त्यानं हाक दिली. बोलणं तोंडातच ठेवून ती वळली आणि उठून उभी राहिली. दुसऱ्यांदा पुकारावं लागलं नाही.